तांब्यावरची जनावरं

तेराशे वर्षांपूर्वीच्या जनावरांचा गोठा सांभाळणारा माणूस अख्ख्या विदर्भात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. आमचे मावसाजी. त्यांच्याकडे सिंह होता, हत्ती होता, घोडे तीन होते, मासा होता, विंचू होता, पाखरं तर विचारूच नका, आणि हा सगळा लवाजमा मावशीच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात मावत असे. खऱ्या जनावराचं म्हणाल तर त्यांच्या घरात साधं मांजर टिकलं नाही. मावसाजींना जिवंत जनावरांची भीती वाटायची. रस्त्यात समोरून गाय आली की हा सहा फुटी माणूस भर उन्हाळ्यात छत्री मिटून ती तलवारीसारखी पुढे धरायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. "तिचा काय भरोसा, बाप्पा? तिच्या मनात काय चालून राह्यलं, आपल्याले काय मालूम?" त्यांच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांवरच्या जनावराचं तसं नव्हतं. ते तेराशे वर्षं एकाच जागी उभं होतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत होतं.

आष्टीला त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मी सांगते आहे तो नव्वद सालानंतरचा काळ. स्टील आणि प्लास्टिकने तांब्याचं पार कंबरडं मोडलं होतं, आणि मावसाजी दुपारभर गुंडांच्या, म्हणजे मोठ्या घागरींच्या, उतरंडीसमोर बसून गिऱ्हाईकाऐवजी अरबस्तानातल्या नाण्यांचा विचार करत. धातूची पारख ते डोळ्यांनी नाही, कानांनी करायचे. भांडं हातात आलं की नखाने टिचकी मारायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. ही सवय दुकानापुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. माझ्या लग्नात सासरच्यांनी मोठ्या कौतुकाने काशाचं ताट आणलं होतं. भर मांडवात मावसाजींनी त्याला टिचकी मारली, मान तिरपी केली आणि विहिणीकडे बघून म्हणाले, "ताट चांगलं हाय. पन कासं नोहे." माझ्या सासूबाई पुढची बावीस वर्षं जगल्या आणि बावीस वर्षं त्या वाक्याची परतफेड मला करत होत्या.

हा नाद लागला तो आर्वीच्या एका बोहरी शेटजींमुळे. शेटजींचा खिळे-कड्याकोयंड्यांचा धंदा, मावसाजींचा भांड्यांचा, दोघांची मैत्री तराजूच्या दोन पारड्यांसारखी. शेटजी एकदा जियारतीला, म्हणजे त्यांच्या तीर्थयात्रेला, दमास्कसला जाऊन आले. साऱ्या दोस्तांना त्यांनी खजूर वाटले आणि मावसाजींच्या हातावर मात्र तिथल्या बाजारातलं एक तांब्याचं नाणं ठेवलं. तांब्याच्या माणसाला तांबं. नाणं कसलं, कडा झिजलेली काळपट चकती. एका बाजूला अरबी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला शेपटी उभारलेला एक सिंह. मावसाजींनी ते उलटसुलट केलं, टिचकी मारली, आणि त्या दिवसापासून हा माणूस संसारातून अर्धा उठला तो उठलाच. पुढे शेटजींच्या ओळखीतून जो कुणी तिकडे जाई, त्याच्याकरवी एकेक नाणं येत गेलं आणि गोठा भरला.

"यायच्या धर्मात तं चित्र चालत नाई म्हनते," ते येईल त्याला विचारायचे, "मंग हा सिंव्ह कुठून आला?" आता आष्टीच्या बाजारात कांदे घ्यायला आलेल्या माणसाला याचं काय उत्तर देता येणार? पण मावसाजींनी हळूहळू पत्रं लिहून, जुन्या पुस्तकांची पानं मागवून छडा लावला. सोन्याचांदीच्या नाण्यांवर खलिफाने नुसती अक्षरं ठेवली होती. तांब्याची सुटी नाणी मात्र गावोगावचे अधिकारी आपापली पाडत, आणि तिथे जुन्या सवयीने जनावरं येत राहिली. हे कळलं त्या दिवशी मावसाजींची छाती दोन बोटं पुढे आली. "पाह्यलं? सोनं राजाचं असते, तांबं लोकायचं. राजा म्हने, अक्षरं छापा. लोक म्हने, आमाले हत्ती पाह्यजे!" स्टीलच्या काळात तांबं विकत बसलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठला मिळाला असता?

अक्षरं वाचायला त्यांनी गावातल्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांना धरलं. दोघं दुकानाच्या पायरीवर भिंग घेऊन बसत. जुन्या लिपीत अक्षरांचे नुक्ते, म्हणजे वरखालचे ठिपकेच नसत, त्यामुळे मौलवीसाहेबही घामाघूम होत. पण एके दिवशी एका नाण्यावर त्यांना अल्लाचं नाव लागलं. त्यांनी ते अदबीने कपाळाला लावून परत दिलं आणि म्हणाले, "सेठ, नाम है इसपे. नीचे मत रखना." झालं. त्या दिवसापासून मिसळणाचा डबा गेला देवघराच्या वरच्या फळीवर. मावशी आल्यागेल्याला गाऱ्हाणं सांगायची, "माह्या देवाच्या डोक्यावर विंचू नेऊन बसोला यायनं! म्या रोज सकाळी हात कोनाले जोडून राह्यली, मलेच समजत नाई." पण डब्यावरची धूळ तीच पुसायची, आणि आत मात्र हात लावायची नाही. तांब्याच्या दुकानदाराची बायको, चिंच लावून घासायला हात शिवशिवत असणार तिचे. मावसाजींनी एकदा सांगितलं होतं की हा काळेपणा म्हणजे नाण्याची कातडी आहे, तेवढं तिने ऐकलं.

वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याला, जनावरं उजेडात यायची. गावातली पोरंसोरं लाकडाचे बैल सजवून निघायची, आणि मावसाजी दुकानाच्या पायरीवर पाट मांडून त्यावर लाल कापड, कापडावर सिंह, हत्ती, घोडे, मासा, विंचू अशी रांग लावायचे. बैल त्यांच्याकडे नव्हता, याची त्यांना मनापासून खंत. "बैलाशिवाय बाजार चालला कसा असन यायचा?" मग मावशीने केलेल्या पुरणपोळीचा नैवेद्य रांगेने सगळ्यांना.

"विंचवाले कायले दाखवता पुरनपोळी?" मावशी आतून ओरडायची.

"थो बी जनावरच हाय ना!"

आता जरा रीतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. आमच्याकडे कलशात, विहिरीच्या पूजेला, घराच्या पायात तांब्याचं नाणं टाकावं लागतं. चलनातून तांबं केव्हाच गेलं, त्यामुळे आसपासच्या गावांतून लोक मावसाजींकडे येत. त्यांनी मोडीत आलेले जुने भोकाचे पैसे एका डबीत राखून ठेवले होते आणि शुभकार्याला मागेल त्याला एक फुकट द्यायचे. मी एकदा विचारलं, "मावसाजी, तुमचा विश्वास आहे यावर?" म्हणाले, "काडीचा नाई. पन घर बांधनाऱ्याचा हाय ना."

शेटजी दुसऱ्यांदा जियारतीला गेले आणि येताना एक नवं नाणं घेऊन आले. त्यावरचं जनावर कुणालाच ओळखेना. लांब मागचे पाय, इवलेसे पुढचे, मोठे कान, आणि अंगाहून लांब शेपूट, तिच्या टोकाला झुबका. मावशी म्हणाली उंदीर. पोस्टमन म्हणाला कांगारू. बाजाराच्या दिवशी वांगी घेऊन आलेल्या तळेगावच्या एका माळीबुवांनी ते पाच मिनिटं निरखलं आणि म्हणाले, "खार हाय, पन उपाशी हाय." मी वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्याकडे मोठ्या आशेने ते नाणं आलं. मला वह्या तपासायच्या होत्या. मी एक नजर टाकली आणि म्हटलं, "ससा."

"सशाले एवढं शेपूट? अन् तू सायन्सची मास्तरीन!"

मी जन्माची घाईची बाई. भाजी चिरताना बोट कापते, कुलूप लावताना किल्ली आत विसरते. पण त्या एका शब्दाने मावसाजी महिनाभर माझ्यावर नाराज होते, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांना बाकी काही नको होतं. बारा-पंधरा वर्षं पुस्तकांची सुटी पानं वाचून, पत्रं लिहून ते एकट्यानेच हे करत आले होते. "एकदा जानकार मानसानं हातात घेऊन पाहावं अन् सांगावं का हे अमुक जनावर हाय," ते म्हणायचे, "अन् कुठंतरी लिहून ठेवावं का आष्टीच्या एका भांडेवाल्यापाशी हे भेटलं. बस. मंग मी मोकळा."

नागपूरला जुन्या नाण्यांचे एक अभ्यासक होते. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. मावसाजींनी त्यांना चार पोस्टकार्डं पाठवली, खाली सही 'आपला नम्र, तांबेविक्रेता'. पाचव्याला उत्तर आलं. "माघात एका कॉलेजात व्याख्यानाला वर्ध्याला येतो आहे, नाणं दाखवा. मला वाटतं तेच असेल, तर माझ्या लेखात तुमच्या नावासकट छापीन." ते पत्र मावसाजींनी इतक्या जणांना दाखवलं की त्याच्या घड्या फाटल्या.

योगायोग असा, की त्याच दिवशी सकाळी वंदनाच्या घराचं भूमिपूजन होतं. वंदना म्हणजे मावसाजींची एकुलती एक. पिपरी मेघेला तेव्हा नुसते प्लॉट पडत होते, काट्याकुट्यांत चुन्याच्या रेघा. तिथे जावयांनी जागा घेतली होती. वंदना दोनदा पोटुशी राहिली होती आणि दोनदा सगळं वाया गेलं होतं. ती राहते ती भाड्याची खोलीच लाभत नाही, असं सगळे म्हणायचे. त्यामुळे त्या दिवशी नुसतं घर बांधायचं नव्हतं. मावशी सकाळपासून पदराने डोळे पुसत होती आणि विचारलं की धूर गेला म्हणत होती. अजून धूर झालाच नव्हता.

मावसाजी सरांना भेटायचं म्हणून काळा कोट घालून आले होते. दहा वाजताच ऊन चढलं, तेव्हा कोट बाभळीला टांगला आणि ते पाण्याची बादली भरायला शेजारच्या विहिरीवर गेले. तेवढ्यात गुरुजींनी आवाज दिला, "तांब्याचं नाणं आणा, मुहूर्त चालला!" मावसाजी तिकडूनच ओरडले, "कोटाच्या खिशात हाय, काढ व पोरी!" मी धावले. डाव्या खिशात हात घातला, कागदाची पुडी लागली, उलगडली, आत तांब्याचं नाणं. मी ते गुरुजींच्या हातावर ठेवलं; वंदना आणि जावई तेव्हा डोळे मिटून मंत्र ऐकत होते, आणि मावशीचे डोळे पदरात होते. त्यांनी हळदकुंकू वाहून ते चांदीच्या नागाशेजारी, सुपारीवर खड्ड्यात ठेवलं. वंदनाने आणि जावयांनी दूध घातलं, मिस्त्रीने सिमेंटचा माल टाकला आणि वर पहिला दगड बसवला. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

मावसाजी बादली घेऊन आले. कोट घालायला गेले, उजव्या खिशात हात घातला. बाहेर आला भोकाचा पैसा. त्यांनी तो पाहिला, मग डावा खिसा चाचपला, मग खाली पडलेला पुडीचा कागद पाहिला, मग माझ्याकडे. मला तेव्हा कळलं. पुडीत होतं ते सरांना दाखवायचं नाणं. माल अजून ओला होता, दगड दोन माणसांनी सहज उचलला असता. मावसाजी दोन पावलं खड्ड्याकडे गेले, तोंड उघडलं. समोर वंदना हात जोडून डोळे मिटून उभी होती, अशी की जगात दुसरं काही नाहीच. मावसाजींनी तोंड मिटलं. मागे फिरले आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ठेवलं तवा जनावर वर होतं का अक्षरं?"

"जनावर," मी म्हटलं. मला रडू फुटत होतं.

"मंग ठीक हाय. त्याले निदान आभाळ दिसलं असन उलीसं."

चार वाजता ते सरांना भेटायला गेले. मी लाज सोडून बरोबर गेले. त्यांच्याजवळ पेन्सिल घासून कागदावर उठवलेला त्या नाण्याचा ठसा होता. सरांनी तो उजेडाला धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाळवंटातला उड्या मारणारा उंदीर," म्हणाले, "मागच्या दोन पायांवर हातभर उडतो, आणि तो असलेलं नाणं आपल्या भागात कुणाकडे असेल असं मला वाटलं नव्हतं. नाणं कुठे आहे?"

"हरवलं, सर. माह्याच हातून गेलं."

सर खूप हळहळले. नुसत्या पेन्सिलच्या ठशावरून छापता येत नाही, असं त्यांनी तीन-तीनदा सांगितलं, जणू त्यांनाच शिक्षा झाली होती. मावसाजींनी त्यांचं सांत्वन केलं. मावशी आधीच घरी गेली होती, म्हणून त्यांना आष्टीला पोचवायला मीही बसमध्ये बसले, आणि आर्वी जवळ आल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तुही मावशी बराबर होती. घरी सांगजो नको तिले, डोक्यावर बसन."

पिपरी मेघेचं घर उठलं. दुसऱ्या वर्षी वंदनाला मुलगी झाली, मग आणखी दोन वर्षांनी दुसरी. मी तिथे गेले की नाणं पुरलेल्या त्या ईशान्येच्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायची.

बारा वर्षांनी जावयांनी वरचा मजला चढवायला काढला. मिस्त्री म्हणाला, कोपऱ्यात पिल्लर येईल, जुना पाया तिथे उकलावा लागेल. मी काय आनंदले म्हणून सांगू! आष्टीला फोन केला, नागपूरला सरांना फोन केला, ते हयात होते आणि त्यांना आठवत होतं. शाळेत रजा टाकली आणि माती चाळायला घरातली पिठाची चाळणी घेऊन हजर झाले. मावसाजी एस.टी.ने आले. सत्तरी ओलांडलेली, कोट सैल झालेला. त्यांना अंगणात खुर्ची दिली. मिस्त्रीने पहार मारली, माल फुटला, दगड हलला. मी चाळणी घेऊन पुढे झाले.

"थांब गा," मावसाजी म्हणाले.

मिस्त्री थांबला. मावसाजी उठून खड्ड्यापाशी आले, थोडं वाकून पाहिलं. मग वंदनाला विचारलं, "पोरी शाळेत गेल्या?"

"गेल्या, बाबा."

"तब्येती बऱ्या हायेत?"

"बऱ्या आहेत. असं काऊन विचारता?"

त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, "तो गोटा जसा होता तसा बसवून दे. पिल्लर हातभर इकडं घे."

माझा तोल सुटला. मी म्हटलं, मावसाजी, शुद्धीवर आहात का, नागपूरचे सर उद्या गाडी करून येतो म्हणाले, तुमचं नाव छापून येईल, एवढ्यासाठी तर जन्मभर... आणि तुमचा तर विश्वासच नाही ना यावर?

"नाई ना," ते म्हणाले. "काडीचा नाई. पन पोरीच्या घरावर मी कायले परीक्षा घेऊ, सांग बरं?"

वंदना जवळ आली आणि त्यांच्या दंडाला धरून लाडाने रागावली, "तेव्हा तुमीच चुकून देऊन टाकलं गुरुजीले, अन् आता काढू द्या म्हटलं तं तुमीच नाई म्हनता. कमाल आहे बाबा तुमची."

नाणं मी दिलं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं घरात, नात्यात, दुकानाच्या पायरीवर हा माणूस ही चूक स्वतःच्या नावावर सांगत आला होता.

"हो, मीच देल्लं," मावसाजी म्हणाले. "घाई झालती." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बोलायला हवं होतं मी. तिथेच, सगळ्यांसमोर. हातात चाळणी धरून मी उभी राहिले आणि मिस्त्री दगड बसवत होता ते पाहत राहिले. संध्याकाळी त्यांना बसवर सोडलं, तेव्हाही शब्द ओठांवर आले होते. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "येजो आष्टीले." बस निघून गेली.

दोन वर्षांनी मावसाजी गेले. मावशीने मिसळणाचा डबा सरांच्या हवाली केला. सिंह, हत्ती, मासा, विंचू सगळे आता नागपूरला काचेखाली आहेत आणि खाली मावसाजींचं नावही आहे. त्यात एक जनावर कमी आहे हे सरांना माहीत आहे आणि आम्हा घरच्यांना.

वंदना, तू हे वाचशीलच, माझं काही छापून आलं की आधी तुलाच कळतं. तुझ्या बाबांनी ते नाणं दिलं नव्हतं गं. मी दिलं. त्यांनी नुसतं खिसा म्हटलं होतं; उजवा की डावा, मी विचारलंही नाही. त्यांना जन्मात एकच गोष्ट हवी होती, ती माझ्या हातून तुझ्या घराखाली गेली, आणि त्यांनी ती तिथेच राहू दिली, दोनदा. हे तुला त्यांच्यासमोर सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.